जावईबापूंचा दिवाळसण आणि माझा बंब

बंब दुरुस्त करायला अक्कल लागत नाही, असं माझं मत होतं. ते मी सिद्ध करून दाखवलं.

मुलीचा पहिला दिवाळसण. जावई पुण्याचे. झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं मराठी उरली असतील का, अशी शंका विहीणबाईंनी भर लग्नात बोलून दाखवलेली. (मी त्यांना नुसतं ‘बैठिए ना’ म्हणालो होतो, एवढंच!) तेव्हा नरकचतुर्दशीला पहाटे तेल, उटणं आणि तांब्याच्या बंबातलं कढत पाणी, असा चोख मराठी बेत ठरला. आणि नेमका बंब गळायला लागला. त्याच्या पोटातून धुराचं नळकांडं जातं, त्यालाच चीर. पाणी थेट जाळावर!

सीपरी बाजारातल्या ठठेऱ्यानं, म्हणजे इथल्या तांबटानं, बंब उलटासुलटा करून पाहिला. “बाबूजी, ये तोप किले से उतार लाए क्या?” म्हणाला, आणि डाख लावायची जी मजुरी सांगितली, तीत खरी तोप आली असती, गोळ्यांसकट. मी बंब सायकलला बांधून परत आणला.

“अहो, सण तोंडावर आलाय. देऊन टाका ना त्याला!” ही म्हणाली.

“अगं, कचेरीत पार्सलांना लाखेचं सील मारण्यात माझा जन्म गेला. माझं सील आजवर फुटलेलं नाही. बंब म्हणजे काय, उभं पार्सल!”

चिरेत लाख भरली, बंब काठोकाठ भरला. दिवसभर थेंब नाही!

“पेटवून बघितलात का?”

“उगाच लाकडं कशाला जाळायची?”

चतुर्दशीची पहाट. जावईबापू अंगणात, तेलानं असे माखलेले की पाटावर ठरेनात. शेजारीच मी ऐटीत बंब पेटवला. (त्यांना ऊब लागावी म्हणून!) आता, लाख मेणबत्तीवर धरली की वितळते, हे रोज सकाळी दहा माणसांसमोर करून दाखवतं कोण? मीच!

बंब आधी गुरगुरला, मग शिंकला. पाणी जाळावर कोसळलं आणि नळकांड्यातून राखेचा असा लोट उडाला की पार कोसांवरच्या बरुआसागर गावातल्या लोकांनीही वाळवणं आत घेतली असतील. उरलेली सगळी राख जावईबापूंवर. तेलावर राख काय बसते! डोळे तेवढे शिल्लक राहिले.

आवाजानं शेजारचे तिवारीजी धावत आले. फाटकातच थबकले, चपला काढल्या, हात जोडले. “पाँव लागें महाराज! किते से पधारे?”

“पुण्याहून,” राखेतून उत्तर आलं.

“अहो, उजाडतंय!” ही ओरडली. “सूर्य उगवला तर जावई नरकात जातील!”

शेवटी तिवारीजींच्या चुलीवर चहाचं आधण होतं, तेच पातेलं उचलून आणलं, त्यात गार पाणी घातलं आणि सण उरकला. (आलं आधीच पडलेलं होतं. ते उटण्यातलं, असं मी सांगितलं.)

बंब पुढे ठठेऱ्याकडूनच दुरुस्त करून घेतला. तरी तेव्हापासून दर नरकचतुर्दशीला बंबाची पहिली आंघोळ माझी असते. जावईबापू तोवर लांब जिन्यावर उभे राहून बघतात. माझी आंघोळ धड पार पडली की मगच पाटावर बसतात. गल्लीत सगळ्यांना वाटतं, केवढा हा वडीलधाऱ्यांचा मान! मीही खुलासा करत नाही.