जीप आली की रडायचं

लातूरच्या ट्यूशन एरियात गुणाबाई बिराजदारची मेस आहे. बाहेर पाटी नाही, कारण पाटीवर काय लिहायचं यावरून तिचं आणि पेंटरचं भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. गल्लीतल्या बाकी प्रत्येक भिंतीवर हसऱ्या मुलामुलींचे फोटो आणि खाली त्यांचे गुण. फोटोतली पोरं सोडली तर त्या गल्लीत फारसं कुणी हसत नाही. गुणाबाईच्या मेसमध्ये हसतात, कारण तिथं तसा नियमच आहे. रविवारी टेस्ट देऊन आलेल्या पोरांना शिरा असतो, आणि शिरा वाढण्याआधी एकानं उठून आपल्या सरांची नक्कल करायची. ते सर तिथंच जेवायला बसलेले असले तर फारच उत्तम. एका फिजिक्सच्या सरांनी हरकत घेतली तेव्हा गुणाबाई त्यांना शांतपणे म्हणाली, "सर, हे माझं न्हाई. ग्रीक लोकायचं हाय. रेणुकादास सरांला इचारा."

रेणुकादास सर म्हणजे मी. लातूरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शेवटी शेवटी वर्गात बाकं उदंड आणि पोरं चार, बाकीची ट्यूशनला. मला त्याचा राग होता आणि आहे, तो लपवायचं काही कारण नाही. पण अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक प्रहसनं या पोरांना शिकवायची माझ्याकडून राहून गेली, आणि तेच काम एक सातवी नापास बाई शिऱ्यावर करते आहे, हे पाहिलं की राग जरा निवतो.

गुणाबाई मूळची किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातली. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात लोक गणपती बोळवून झोपले आणि पहाटे भूकंप झाला. तिचा नवरा मलप्पा आणि धाकटा दीर घराच्या दगडामातीखाली गेले. ती आणि सासू दानम्मा शेतावरच्या खोपटात होत्या म्हणून वाचल्या. गुणाबाई तेव्हा सव्वीस वर्षांची.

आमच्या भागात मयताच्या घरी बायका भेटायला आल्या की उंबऱ्यातच सूर लावतात. घरच्या बाईनं त्यांच्या गळ्यात पडून, गेलेल्याचं नाव घेत, तसाच सूर धरायचा असतो. तो सूर साऱ्यांना जमत नाही. दानम्माला जमायचा. कुठल्याही गावात मयत झालं की बायका म्हणायच्या, दानम्मा आली का? तिच्याशिवाय रडणं नीट लागत नसे. आणि ही दानम्मा स्वतःच्या दोन पोरांसाठी रडली नाही. रडली तर नाहीच, त्या दिवसापासून तिनं तोंडातून एक शब्द काढला नाही. दवाखान्यात दाखवलं, घशात काही नव्हतं. अर्धी भाकरी खायची, पत्र्याच्या शेडच्या दारात बसायची, बस्स.

इकडं पाहुणे संपेनात. नातेवाईक संपले, मग पुढारी आले, मग वर्तमानपत्रवाले, मग कुठकुठल्या संस्था. रस्त्यावर धुरळा दिसला की पोरं ओरडत, "जीप आली, जीप आली," आणि बायका हातातलं काम टाकून रडायला बसत. जीप गेली की उठून पुन्हा पीठ मळत. यात खोटं काही नव्हतं, दुःख खरंच होतं. पण दिवसातून तीन-तीन वेळा दुसऱ्याच्या सोयीनं रडायचं म्हणजे माणूस हैराण होतो. एका फोटोवाल्यानं गप्प बसलेल्या दानम्माला हलवून पाहिलं तेव्हा गुणाबाईनं त्याला लाटणं दाखवलं. त्याच दिवशी तिनं ठरवलं, वर्षश्राद्धाच्या आत आत्याला बोलती करायचं. सासूला ती आत्या म्हणायची.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात मी कॉलेजची वीस पोरं घेऊन त्या वसाहतीत शोषखड्डे खणायला गेलो. खड्डे पोरांनी खणले. मी संध्याकाळी लोकांना काहीतरी वाचून दाखवायचं असं ठरवलं, कारण मास्तराला दुसरं येतं काय? दुःखी माणसांना थोरांची दुःखं ऐकवावीत या विद्वान समजुतीनं मी पहिल्या दिवशी एक ग्रीक शोकांतिका घेतली. राजा, शाप, पोराचं प्रेत. अर्ध्या तासानं गुणाबाई उठून म्हणाली, "सर, हे आमच्या घरात होऊन गेलंय. दुसरं काही हाय का?"

माझी जी जिरली ती जिरली. दुसऱ्या दिवशी मी प्रहसन काढलं. ग्रीकांच्या त्या शहरात सत्तावीस वर्षं लढाई चालली होती, मध्ये रोगाची साथ येऊन गेली, शेतं उजाड झाली. तरी दरवर्षी देवाच्या जत्रेत विनोदी नाटकांची शर्यत लागायची, हे मी सांगितलं. नाटकात एक म्हातारा शेतकरी असतो, तो सगळ्यांवर वैतागलेला असतो, आणि पुढारी समोर बसलेले असताना त्यांचं नाव घेऊन बोललं जातं. मध्येच गाणारी मंडळी गोष्ट थांबवून पुढं येतात आणि बघणाऱ्यांनाच चार शब्द सुनावतात. बायका ऐकत होत्या. भारुडातलं सोंग त्यांनी जन्मभर पाहिलेलं, त्यांना यात परकं असं काही वाटलं नाही. पण हसलं मात्र कुणी नाही.

शेवटी गुणाबाईनं मला पकडलं. "सर, ह्यात काहीतरी गाळलंय."

"काय गाळलंय?"

"हा म्हातारा शेतकरी हाय म्हणता. एवढा तापलाय, आन् एकदा बी शिवी न्हाई? पोट बिघडत न्हाई त्याचं? बायकोचं नाव काढत न्हाई? शेतकरी हाय का मास्तर?"

माझे कान तापले. मी गाळलंच होतं. ती नाटकं पोटाच्या, ढुंगणाच्या आणि अंथरुणातल्या विनोदांनी खच्चून भरलेली आहेत, आणि मराठी करताना मी ते सगळं धुऊन काढलं होतं. वीस वर्षं पंडितांचे लेख वाचून मला जे कळलं नव्हतं ते या बाईला माझ्या भाषांतरातल्या भोकातून दिसलं. त्याच संध्याकाळी मी मूळ इंग्रजी पुस्तक उघडून, नजर जमिनीकडे लावून, जसं आहे तसं सांगत गेलो. पहिली हसली ती शेजारच्या शेडमधली म्हातारी कमलम्मा, आणि मग वसाहत हसायची थांबेना. बाहेर माझी पोरं फावडी टाकून बघत होती की सरांना झालं तरी काय.

ही नाटकं आजच्या माणसाला का आवडतात, यावर मी नंतर परिसंवादात निबंध वाचले आहेत. गुणाबाईनं ते एका वाक्यात संपवलं होतं. "सर, ह्या लोकायला भूक लागती. तुमच्या पहिल्या पुस्तकातल्या लोकायला लागत नव्हती."

दानम्मा मात्र हसली नाही. दारात बसून ऐकत होती, एवढंच.

मग गुणाबाईनं नाटक बसवायचं काढलं. माझा म्हातारा शेतकरी तिनं ठेवला, पण गाणाऱ्या मंडळींच्या जागी वसाहतीतल्या बायका आणल्या. जीप आली की त्या ओळीत बसून रडतात, जीप गेली की विचारतात, "कंबल किती आले?" एकदा जीप चुकून वळून परत जाते आणि रडणं वाया जातं. सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्यांचे मुखवटे केले. प्रयोग वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी, आणि समोर तेच बसणार होते, जीपमधून येणारे.

वसाहतीचा कारभार पाहणारा गुंडप्पा धावत आला. "बाई, नव्या गावच्या घराची यादी निघायचीय. सायेब लोकायची थट्टा करायलीस तू? आन् सुतकात हसतंय का कुणी?"

खरं सांगतो, मीही कच खाल्ली. म्हटलं, "गुणाबाई, आपण माझं पहिलं, धुतलेलं भाषांतरच बसवू या."

"सर, त्येंनी पुढाऱ्याला समोर बसवून म्हणलं, हे तुमीच सांगितलं ना? मंग आमी पाठीमागं कशाला म्हणावं?" मग गुंडप्पाकडं वळून ती म्हणाली, "दादा, यादीत नाव न्हाई आलं तर मी पत्र्यात ऱ्हाईन. पण एक वरीस झालं, आत्या बोलत न्हाई. रडून बोलली न्हाई, औषधानं बोलली न्हाई. आता हे ऱ्हायलंय. हे मी करणार." आवाज चढवला नव्हता तिनं. गुंडप्पा तणतणत निघून गेला.

प्रयोगाला तो पहिल्या रांगेत होता. मधोमध मोठे साहेब, दोन्ही बाजूंना संस्थावाले. दानम्माला गुणाबाईनं हाताला धरून आणून पुढं घोंगडीवर बसवलं होतं. शेतकरी आला, वैतागला, शिव्या देऊन गेला. मागं थोडी खसखस झाली. मग जीप आली आणि बायका रडायला बसल्या. कुणी हसेना. साहेब बुटांकडं बघत होते. गुणाबाई मुखवट्याआडून जोरजोरात रडत होती, आणि वाईट रडत होती. सूर लागत नव्हता. सगळं फसलं होतं.

दानम्मा घोंगडीवरून उठली. पदर खोचला, बायकांच्या ओळीत शिरली आणि सुनेला खांद्यानं बाजूला सारलं.

"सरक," ती म्हणाली. आवाज गंजलेला होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "असं रडत्यात व्हय? सूर कुठाय त्यात? मेलेल्याला ऐकू जाईल असं रडावं."

आणि तिनं सूर लावला. "माझ्या मलप्पाऽ, कालवण चुलीवर ठेवून गेल्ते रं... उठून वाढून घे म्हणले रं... सकाळी बैल घेऊन ये म्हणले, वाट बघितली रं माझ्या राजाऽ..." धाकट्याचंही नाव घेतलं. मंडपातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पोलीसपाटलानं टोपी काढली. वर्षाचं थकीत रडणं तिनं त्या चार ओळींत पुरं केलं.

मग ती थांबली. डोळे पुसले. साहेबांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि विचारलं, "सायेब, एवढ्या रडण्याला किती पत्रे देता?"

सगळ्यात आधी गुंडप्पा फुटला. मग मंडप फुटला. माणसं डोळे पुसत हसत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, आणि साहेबसुद्धा रुमाल काढून हसत होते. यादी पुढं निघायची तेव्हा निघाली, सासू-सुनांची नावं तीत होती. दानम्मा आणखी नऊ वर्षं जगली आणि भरपूर बोलली, मुख्यतः सुनेच्या चुकांबद्दल. ती गेल्यावर गुणाबाई लातूरला आली आणि मेस घातली.

त्या दुपारी हसणं ओसरल्यावर पुढचा प्रवेश गुणाबाईचा होता आणि ती कुठं दिसेना. मी पडद्यामागं गेलो. पत्र्याला पाठ लावून ती खाली बसली होती. मुखवटा अजून चेहऱ्यावर होता आणि हनुवटीपाशी त्याचा कागद भिजून फाटला होता.

"गुणाबाई, पुढची ओळ तुमची आहे."

"सर, हितून कुणाला दिसत न्हाई ना मी?"

"नाही."

"मंग थांबा जरा," ती म्हणाली. "मलप्पासाठी मी अजून रडलेच न्हाई."

मी बाहेर येऊन पडद्याशी उभा राहिलो. मंडपात दानम्मा बाकीच्या बायकांना ओळीत बसवून त्यांचा सूर दुरुस्त करत होती.