ढालीचा शेंडा

"ढाल खाली टाक. आडवी. मोजायची आहे."

नायब तहसीलदार भर चावडीपुढे म्हणाला. गायगोधनाचा दिवस, सगळं गाव जमलेलं. मी ढाल कमरेच्या दुपट्ट्यात रोवून उभा होतो. ती आणखी घट्ट धरली. भीतीनं नाही, रागानं.

आम्ही गोवारी. सालेकशाकडच्या एका गावात गावाची गुरं राखायचो. वर्षभर शेणामुतात. कुणी दारात उभं करत नव्हतं. पण दिवाळीतला हा एक दिवस आमचा. उंच बांबूला कापड गुंडाळायचं, शेंड्याला मोरपिसं बांधायची, ती ढाल. आमचे मेलेले पूर्वज तिच्यात येऊन बसतात, असं बा सांगायचा. ढाल पुढे, गुरं मागे, तेव्हाच आखरावर, गावाची गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, पूजा. आणि घरून निघालेली ढाल घरी परतेपर्यंत आडवी होत नाही. ही आमची रीत.

मालगुजारानं, म्हणजे गावच्या जमीनदारानं, देवळासाठी नवा झेंडा केला आणि त्याला आमची ढाल खुपायला लागली. गोवाऱ्याची काठी झेंड्याहून उंच कशी? मागच्या मडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, यावरून डोकी फुटली. फुटली ती आमचीच. तेव्हा सरकारला जाग आली. हा नायब तहसीलदार साहेब तोडगा काढायला आला आणि आधी मालगुजाराकडे जेवला.

"तुम्ही हिंदू की गोंड?" साहेबानं बाला विचारलं.

"आमी गोवारी, साहेब."

लोक हसले. मालगुजार म्हणाला, "हिंदू असशील तर झेंड्याच्या मागं चाल. गोंड असशील तर जंगलात जा."

साहेबानं निकाल दिला. ढाल राहील, पण झेंड्याच्या मागे. आणि झेंड्यापेक्षा हातभर बुटकी. "दोघांचंही राहिलं," असं म्हणून तो खूश झाला. आमचं काय राहिलं, ते त्यानं विचारलं नाही.

बानं मान डोलावली. आमची झोपडी मालगुजाराच्या जागेवर होती.

"बा, कायले हो म्हनून राहिला?"

"चूप राय. टाक खाली."

मी टाकली नाही. बानंच माझ्या हातातून घेतली आणि मातीत आडवी ठेवली. कोतवालानं दोरीनं झेंडा मोजला, मग ढाल मोजली. मग तो कुऱ्हाड घेऊन पुढे आला. बानं त्याचा हात धरला.

"दुसऱ्याचा हात नोको लागाले. मीच तोडतो."

माझ्या बापानं, साऱ्या गावासमोर, गुडघे टेकून आपल्या पूर्वजांचं डोकं तोडलं. मला दुसरा शब्द सापडत नाही. मोरपिसं धुळीत पसरली. एक पीस मालगुजाराच्या जोड्याला चिकटलं. त्यानं पाय झटकला.

"चला, मिटलं," साहेब म्हणाला. "आता डफ वाजवा. नाचा."

हेच मला सहन झालं नाही. तोडलं ते तोडलं, वर नाचायचंही? आणि हसूनच नाचायचं असेल! डफवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. बानं बुटकी ढाल माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतले.

"मी नाई नाचत."

"काऊन?" मालगुजार ओरडला. "आखरावर गुरं उभी आहेत. ती कोण काढणार?"

"तुमच्या झेंड्याले सांगा हाकाले."

कुणी हसलं नाही. मालगुजाराचं तोंड लाल झालं. "गाव सोड मग."

"सोडतो."

मी धुळीतून शेंडा उचलला, एकेक पीस वेचलं आणि चालायला लागलो. मागे वळलो नाही. बा येईल असं वाटलं नव्हतं. पण झोपडीपाशी पोचलो तेव्हा तो धापा टाकत मागे उभा होता.  बोचकं बांधायला लागला.

आता आम्ही दरेकशाच्या जंगलात राहतो. लाकडं तोडतो, वाहतो, त्यावर खातो. गुरं कुणाची राखत नाही. तो शेंडा आढ्याला टांगला आहे. तो बघितला की अजून जीव थाऱ्यावर राहत नाही. बरंच आहे. मला शांत व्हायचंच नाही.

ऐकतो, इथल्या मडईतही ढालीच्या उंचीवरून तंटा आहे आणि तो मिटवायला पुन्हा एक साहेब येतो आहे. येऊ दे. काल मी जंगलातला सगळ्यात उंच बांबू तोडून आणला, शेंड्यासकट. बानं स्वतः पिसं बांधली. ही ढाल आडवी होणार नाही. ज्याला मोजायची असेल, त्यानं वर चढून मोजावी. खाली मी उभा आहे.