दोन दगडांमधला सूर्य

मी, माझी जाऊ सखू, सरपंचबाई आणि जुन्या दगडांचा अभ्यास करणारी लॅपटॉपवाली मीनल, एवढ्याच होतो पहाटे माळावर. वर्षातला सगळ्यात लहान दिवस. मीनलच्या लॅपटॉपात या दिवशी सूर्य बरोब्बर माळावरच्या दोन जुन्यापुराण्या उभ्या दगडांमधून उगवत होता. खरा तसाच उगवला, तर सरपंचबाई माळ खडीच्या खाणीला देणार नव्हत्या.

मधेच सखूच्या गोवऱ्यांची रास! ती आधी उचलली.

"पोरी, तुझा सूर्य बटणावर उगवतो," सखू म्हणाली. "आमचा कुणाचं ऐकत नाही."

आणि आला की हो! बरोब्बर मधून, लालबुंद! सखूच आधी नाचली.

मी जन्मभर खडी फोडली. नवरा दगडाखाली गेला, तरी घण सुटला नाही. दगड म्हणजे भाकरी, एवढंच ठाऊक. अन् हे कुणी नुसता सूर्य बघायला एवढाले दगड उभे केले! त्यांनाही पोटं असतीलच की.

तुमच्या शिवारात असे दगड असतील, तर फोडायच्या आधी एक पहाट तिथं थांबा.