नेबिओलोच्या वेली कुणी जाळल्या

हे मी आजवर कुणापुढं काढलं न्हाई. सख्ख्या बहिणीपुढंबी न्हाई. तुम्ही समोर बसलाय असं धरून लिहितेय. या वयात आता भ्यायचं काय राहिलंय? पण भीती जात न्हाई बघा.

उदगीरकडच्या आमच्या डोंगरउतारावर मालकांनी — माझ्या नवऱ्यानं — दगडी ताली रचून पायऱ्या केल्या. इटलीत डोंगराच्या अशाच पायऱ्यांवर घरोघरची माणसं नेबिओलो नावाची द्राक्षं लावतात, वाईन घरीच करतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. लोक हसले, "अण्णा, जवारी सोडून दारू पिकवता काय?" पण वेली लागल्या.

पाठीवरचे पंप दोन. एक तणनाशकाचा, एक वेलींचा. तणनाशकाचा कितीबी धुतला तरी वेलीला लावायचा न्हाई, हे मला दहादा बजावलं होतं. त्या दिवशी वेलींचा पंप खाली घरी राहिला, मी पार वरच्या पायरीवर. उतरायचं, परत चढायचं... कंटाळा केला. पाठीवरचा तणनाशकाचाच पंप दोनदा विसळला, त्यातच बुरशीचं औषध कालवलं अन् मारलं.

चौथ्या दिवशी शेंड्याची पानं मिटल्या पंख्यासारखी आवळली. सांगावं? मालकांनी मारलं नसतं, न्हाई. फक्त वेलींना परत हात लावू दिला नसता. एवढ्याला मी भ्याले.

मालक ओरडले, "ह्यो गौतमचाच उद्योग!" गौतम खालच्या वावरातला शेजारी. त्याच्या जवारीतलं तणनाशक वाऱ्यानं वर आलं, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्याच्या जातीवरून जे बोलले, ते मी लिहीत न्हाई. आमच्या बांधावरून जाणारी त्याची वाट काट्या टाकून बंद केली.

गौतम दारात आला. उंबऱ्याबाहेरच उभा. "वैनी, तुम्ही वरच होता की. आठवडाभरात माझा पंप चालला का? सांगा."

मालक माझ्याकडं बघून राहिले. दोनच शब्द होते — न्हाई चालला. अन् मी काय म्हणाले?

"एवढ्या लांबचं मला काय दिसतंय, भाऊ?"

"मग चष्मा घ्या, वैनी," म्हणाला, अन् गेला.

बिनवाटेचं वावर कोण कसणार? दोन वर्षांनी त्यानं ते आम्हालाच विकलं. तिथंबी आता आमच्याच वेली हायेत. चांगला माल तिथलाच येतो.

मालक गेले, त्यांना कळलं न्हाई. गौतम उदगीरला लेकीकडं असतो. बाजारात दिसला की मी गल्ली बदलते. त्याला अजून सांगता येतंय. मी सांगितलेलं न्हाई.