गाठीवाले आप्पा

आप्पा वायरला गाठी मारायचे. सोलापुरात विजापूर वेशीत त्यांचं पत्र्याचं दुकान होतं आणि गाड्यांचं वायरिंग हा आयुष्यभराचा धंदा. बाकीचे वायरमन तांबडी वायर, हिरवी वायर असं बोलतात. आप्पा एक गाठ, दोन गाठ असं बोलायचे. प्रत्येक वायरच्या टोकापाशी मेण लावलेला दोरा बांधलेला. एक गाठ म्हणजे डावा इंडिकेटर, दोन म्हणजे उजवा, तीन म्हणजे बॅटरीकडून येणारा करंट. आजूबाजूचे मेकॅनिक हसायचे. "हसू दे की," आप्पा म्हणायचे, "दाताला वारा लागतोय त्येंच्या."

मी त्यांच्याकडे गेले ती नानांची मोटारसायकल ढकलत. नाना म्हणजे माझे वडील. गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी, सहा व्होल्टची, आणि इंडिकेटर हा प्रकार तिला जन्मापासून नाही. नाना हात दाखवून वळायचे. ते गेले आणि वर्षसुद्धा झालं नाही तोवर दादानं पुण्याचं गिऱ्हाईक शोधलं. त्या गृहस्थाला गाडी आपल्या हॉटेलच्या दारात मांडायची होती, शेजारी कुंड्या ठेवून! ज्या गाडीवर नानांनी मला आधी टाकीवर, मग मागं आणि शेवटी पुढं बसवलं, तिला रेलून लोक फोटो काढणार. माझं डोकंच फिरलं. "गाडी मी चालवणार," मी म्हटलं. दादा म्हणाला, "कागदाची मुदत संपलीय. आरटीओच्या तपासणीत पास करून आण, मग बोल. आणि पास झाली तरी ऐक. एकदा जरी टेम्पोत घालून घरी आणावी लागली, तर त्याच दिवशी विकणार. कबूल?" कबूल म्हटलं. रागात माणूस काय वाट्टेल ते कबूल करतो.

एजंटानं सांगितलं, इंडिकेटर बसवा, त्याशिवाय काही खरं नाही. मी चार दुकानं पालथी घातली. सगळीकडं एकच पाठ: "ताई, सहा व्होल्टला आता कोण हात लावतंय? विका आणि स्कूटर घ्या." पाचवे आप्पा. त्यांनी आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"समदे न्हाय हुत म्हनले काय?"

"हो."

"मग हुतंय."

एखादं काम होत नाही असं कानावर आलं की या माणसाला भूक लागायची, अगदी खरोखर. त्यांनी डबा उघडला, कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीला लावून तोंडात टाकला आणि तो चावत चावत हेडलाइट खोलायला घेतला.

त्यांची कामाची तऱ्हा भलतीच सावकाश. दोन वायरींच्या टोकांत एक छोटा बल्ब, हा त्यांचा टेस्टर. नवीकोरी वायर असली तरी आधी बल्ब लावून तपासणार, मग गाठ मारणार, मगच जोडणार. दिवे बसवायच्या जागी तर त्यांनी नानांनी जपलेला काळा रंगच कानशीनं खरवडायला घेतला. मी ओरडले. "वरड, वरड," ते म्हणाले, "पर रंगातनं करंट जात न्हाय. खालचं लोखंड दिसलं तरच दिवा लागंल." डब्यातून शोधून शोधून त्यांनी एक जुना सहा व्होल्टचा फ्लॅशर काढला, तोच तो इंडिकेटर लुकलुकवणारा टिकटिक डबा. हँडलवरचा स्विच तेवढा बाजारातून नवा आणला. तो बसवायचा राहिला, कारण आप्पांना भाचीच्या लग्नाला अक्कलकोटला जायचं होतं. "मी आल्याबिगर हात लावू नगंस," जाताना बजावून गेले.

पण तपासणीची तारीख येऊन ठेपली आणि मला कुठला दम! स्विचच्या पाकिटात एक कागद होता. मी घरीच बसले आणि रंगाला रंग जोडला. हिरव्याला हिरवी, पिवळ्याला पिवळी. यात काय मोठी अक्कल लागते? बटण दाबलं, लुकलुक झाली, मी अंगणात नाचले. कुठला दिवा लुकलुकतोय हे बघायचं भान कुणाला होतं!

ते तपासणीच्या साहेबांना होतं. "उजवा दाबा," ते म्हणाले. मी दाबला. डावा लागला. रांगेतले लोक हसले. साहेबांनी शांतपणे कागदावर 'नापास' लिहिलं आणि पुढची तारीख दिली. संध्याकाळी दादानं पुण्याला फोन लावला, तो मला ऐकू जावा अशा आवाजात.

आप्पा आल्यावर मी मान खाली घालून दुकानात उभी. ते रागावले नाहीत, हेडलाइटच्या डब्यात डोकावून हसायला लागले. "कंपनीच्या रंगाचा आन् माज्या वायरीचा काय संबंद? रंगाला रंग बगून जोडलीस व्हय? रंग बगून जोडलेली लग्नं कशी नांदत्यात, बगितली न्हाईस का?"

ते माझ्या वर्मी लागलं. महिन्यापूर्वीच बार्शीचे पाहुणे माझा काळा रंग बघून नकार देऊन गेले होते, आणि ती तिसरी खेप होती. मी फाडकन म्हणाले, "रंग बघायचा नाही, तर मग बघायचं तरी काय?"

आप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. "नोडव्वा," ते म्हणाले. म्हणजे 'हे बघ बाई'. मनातलं बोलायचं असलं की ते असे कानडीतून सुरुवात करायचे. "माजा बाप होटगीला रेल्वेत, रुळावर. मीबी भरतीला गेलो. पळालो, वजन उचललं, समद्यात पास. मग डाक्टरनं ठिपक्या-ठिपक्याचं पुस्तक म्होरं धरलं. त्यात आकडा हाय म्हनं. मला कुटं दिसतोय! तांबडं आन् हिरवं मला येकच दिसतंय. नापास. डाक्टर म्हनला, रंगाचं काम आसंल तितं पाऊल टाकू नगंस." मग छाती पुढं काढून म्हणाले, "म्हनून वायरिंगच शिकलो."

इतकी वर्षं अख्ख्या बाजाराला पत्ता नाही! सात रस्ता चौकातल्या सिग्नलला हा माणूस वरचा दिवा लागला की थांबतो आणि खालचा लागला की निघतो. "कुणालाच कसं सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"कशापायी? मी जोडलेला दिवा लागतोय न्हवं?"

मग त्यांनी मला सगळं सोडायला लावलं आणि डोळे मिटून परत जोडायला लावलं. बोटांनी गाठी चाचपायच्या, टेस्टर लावायचा, जोडायचं. दोनदा चुकले, दोनदा त्यांनी पुन्हा सोडायला लावलं. शेवटी त्यांनी बॅटरीपासून हेडलाइटपर्यंत आणखी एक वायर दुसऱ्या बाजूनं ओढली, तिला चार गाठी मारल्या आणि टोकाला टेप गुंडाळून ती तशीच मोकळी ठेवून दिली.

"ही कशाला?"

"आसू दे. लागंल तवा कळंल. मी काय जलमभर हाय व्हय हितं?"

दुसऱ्या तपासणीला ते स्वतः आले, इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून. उजवा दाबला, उजवा लागला. डावा दाबला, डावा लागला. कागद हातात आल्यावर आप्पा म्हणाले, "वाच की." मी वाचलं. "मोट्यानं वाच." मी त्या आवारात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "पास!" आप्पा म्हणाले, "जा, दाखीव आता रेल्वेला." आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मला तिथं थांबवत नाही. मी हॉर्न वाजवते आणि पुढं जाते.

परवा मंगळवेढ्याहून सकाळची शाळा सुटल्यावर घरी निघाले होते. मी तिथं शिकवते. भर दुपारी, एका चहाच्या टपरीपाशी गाडी मेली. इंजिन बंद, हॉर्न बंद, दिवे बंद. टपरीवरची माणसं गोळा झाली. एक टेम्पोवाला चांगल्या मनानंच म्हणाला, "ताई, म्हातारी हाय गाडी. टाका मागं, सोलापूरला सोडतो." टेम्पो म्हटल्यावर मी हँडल घट्ट धरलं. दादाची अट दादा विसरला नव्हता, आणि पुण्याच्या त्या कुंड्याही मला दिसायला लागल्या.

"हात लावायचा नाही कुणी," मी म्हटलं.

हेडलाइट खोलला. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी येत होती, म्हणून सरळ डोळे मिटले आणि बोटं आत घातली. एक गाठ. दोन गाठी. तीन गाठींच्या वायरला पर्समधला, आप्पांसारखाच केलेला टेस्टर लावला आणि डोळे उघडून बघितलं, बल्ब लागेना. हँडल वळवून वळवून ती आत कुठंतरी तुटली होती. बोटं आणखी आत गेली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. टेप सोलून बल्ब टेकवला. लख्ख लागला.

अहो आप्पा! मी तिथंच, सगळ्यांच्या देखत रडले. मग तीन गाठी सोडून चार गाठी जोडल्या आणि किक मारली. टेम्पोवाल्याला म्हटलं, "जा तुम्ही पुढं." टपरीवरून रस्त्यावर यायला उजवीकडं वळायचं होतं. उजवा दाबला. उजवाच लागला.