पुसट केलेली भेग

"भिंत कुठंय? बोला ना, यात भिंत कुठंय?" झरीच्या अंगणवाडीतल्या रमिलाताई माझ्या काउंटरवर अर्ज आपटत होत्या. आवाज असा की तलासरीच्या हायवेवरचे कंटेनर थांबावेत! बरं, कंटेनर नसतील थांबले. पण माझ्या टायपिंगच्या दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली. यामागचं खरं मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि बायकोपासून आपलं काही लपत नाही, असं मीच गावभर सांगत फिरतो.

त्याआधी महिनाभर काय झालं, ते ऐका. नरपडच्या किनाऱ्यावरून एका घोळ माशानं मला गळासकट उंबरगावपर्यंत ओढत नेलं, ती हकिगत मी रंगवत होतो. दुकान भरलेलं, मासा नुकताच बोर्डीपाशी आलेला. झेरॉक्ससाठी ताटकळलेल्या रमिलाताई म्हणाल्या, "भाऊ, तो मासाच बसवा मशीनवर. माझी झेरॉक्स तरी होईल."

दुकान फुटलं हसून. मासा तिथंच मेला. आणि मी — मी ते धरून ठेवलं.

मग त्या दुरुस्तीचा अर्ज टाइप करून घ्यायला आल्या. अंगणवाडीची मागची भिंत फाटली होती. फोटोत त्यांनी स्वतःचा हात कोपरापर्यंत भेगेत घातलेला — साहेबांना खोली कळावी म्हणून. म्हणाल्या, मोठा टाका. टाकला की! पानभर, मजकुराच्या मागे. आणि ट्रान्सपरन्सीची पट्टी सरकवली. लग्नपत्रिकेत गणपती पुसट करतो, तेवढी? छे, तिथं गणपती दिसावा लागतो. इथं पंच्याऐंशी टक्के. हात गेला, भेग गेली. उरला कागदावर चहा सांडल्यासारखा डाग. माउस घसरला म्हणू? नाही. पट्टी ओढली, मागे टेकून बघितलं, मग अजून थोडी ओढली. प्रिंट पाकिटात घालून वर स्टेपल मारलं. त्यांची गाडी सुटत होती. उघडून बघितलंच नाही त्यांनी.

अर्ज परत आला — फोटोत नुकसान दिसत नाही.

म्हणून तो आरडाओरडा. आणि माझं उत्तर? "मोबाइल भंगार आहे तुमचा, ताई. स्क्रीनवर दिसतं, कागदावर उतरत नाही." गिऱ्हाइकं हसली, या वेळी माझ्या बाजूनं. ताई हातातल्या मोबाइलकडे बघत राहिल्या. फाइल माझ्यासमोर होती. पट्टी मागे ओढायला कितीसा वेळ लागतो?

ओढली नाही.

पंधरा दिवसांनी भिंत बसली. रविवार होता, पोरं नव्हती. पोरांचा वजनकाटा बाहेर काढायला ताई आत गेल्या होत्या. पाय दोन ठिकाणी मोडला. दोन — हे मी वाढवून सांगत नाहीये.

ती बाई मला आजही आवडत नाही. पाय मोडल्यावर आवडायला लागली असेल, असं वाटलं तुम्हाला?

कुबडी टेकत त्या पुन्हा आल्या, नव्या खोलीचा अर्ज करायला. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हणालो, "ताई, या वेळी फोटो एकदम ठळक टाकतो."

"फोटो नको," त्या म्हणाल्या. "साहेब येऊन बघून गेले."