हिराबाईची घोडी आणि तात्यांची करवत

"कापू द्या म्हणतोय मी! चार पाय, एक मान. पाचच काप!"

"आधी माझं मनगट कापा, मग घोडीला हात लावा!"

तात्यांच्या हातात करवतीचं पातं, माझ्या हातात ओला ब्रश, मध्ये टेबलावर वीतभर उंचीची घोडी. मास्तर चहाचा कप सांभाळत भिंतीला चिकटलेले.

जळोचीत माझ्या घरी दर रविवारी आम्ही तिघं घोडेवेडे जमतो. घोडे म्हणजे फडताळात जमवायचे, छोटे. बावड्याचे तात्या जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले. त्यांना सांध्यांचे घोडे आवडतात, पाय वळणारे, मान फिरणारे. इंदापूरचे चित्रकलेचे मास्तर आणि मी एकसंधवाले. अंगावर फट नको, खिळा नको! घोडे साठेक झाले असतील. किस्से त्याहून जास्त, आणि त्यांना फडताळही लागत नाही.

मास्तर एकदा नव्या एकसंध घोड्याला भिंग लावून तासभर जोड शोधत बसले. एकदम ओरडले, "सापडला! पोटाखाली रेघ!"

मी वाकून बघितलं आणि बघतच राहिले. "मास्तर, ती शीर हाय!"

कुणी वाकून बघणार नाही तिथंही करणाऱ्यानं रक्त खेळवलं होतं.

तात्यांचा लाडका घोडा सोळा सांध्यांचा. बसलेला होता, मास्तर उठवायला गेले. आधी मागचे पाय सरळ केले. तात्या कळवळले, "मास्तर, घोड्याची म्हैस केलीत की! म्हैस मागून उठती, घोडा पुढून!"

मग त्यांनी स्वतः उठवला. पुढचा एक पाय, मग दुसरा, मान वर, आणि शेवटी मागचं सगळं अंग एका झटक्यात. मी त्यांना तो पुन्हा बसवून पुन्हा उठवायला लावला. एकसंधवाली असूनही!

तोच घोडा एकदा आठवडाभर माझ्याकडे होता. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर जायचे, घर हादरायचं, सांधे ढिले व्हायचे. रविवारी मान ताठ, बुधवारी निम्मी, शनिवारी साहेब चरत होते!

"ढिला माल," मी तात्यांना म्हणाले.

"तुमच्याला भूक तरी लागती का, आक्का?"



मी घडवलेले घोडे बघून पुण्याच्या एका पोरीनं विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या आर्ट स्कूलच्या?"

"शाळा चौथीपर्यंत. पुढं शाडू!"

तर ती टेबलावरची घोडी. बावड्याच्या हिराबाईची. मेंढरांमागं फिरायच्या दिवसांत तिचं सगळं बिऱ्हाड या घोडीच्या पाठीवर, आणि बिऱ्हाडावर तान्हं पोर. घोडी कधीच गेली. फोटो एकही नाही. हिराबाई सांगत गेली, मी तीन महिने शाडूत घडवत गेले, मग रेझिनमध्ये ओतली. ती "ही न्हवं" म्हणाली तर मोडून टाकीन, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले होते. आणि ती बघायला येणार त्याच सकाळी तात्या पातं घेऊन हजर!

"उभी घोडी म्हंजे दगड, आक्का! म्हातारीला ती चालताना दिसू द्या."

"पाच फटी पाडून? ती घोडी ऱ्हाईल का दाराची बिजागरी?"

तेवढ्यात हिराबाई दारात. तात्या घोडीच्या शेपटीकडे उभे, पातं तसंच हातात.

हिराबाई जवळ आली. हात लावला नाही. वाकली. घोडीचे कान बघितले, थांबली, पुन्हा कान बघितले.

मग तिनं पुढं होऊन तात्यांची बाही धरली आणि त्यांना खसकन बाजूला ओढलं.

"मागं उभं ऱ्हाऊ नगा, तात्या. लाथ घालती ती."